फीजिबिलिटी रिपोर्ट घ्यावा का? किनाऱ्यावरच्या शिल्पासाठी घेतलेल्या सेवेचं परीक्षण

पाचपैकी साडेतीन. तीनच्या खाली मी उतरणार नाही, आणि चारच्या वर जायचं तर त्यांनी एक प्रकरण पुन्हा लिहायला हवं. कोणतं, ते पुढे येईलच.

आधी सेवा काय ते सांगतो. समुद्रकिनाऱ्यावर कायमस्वरूपी सार्वजनिक शिल्प उभारायचं म्हटलं की प्रश्नांची रांग लागते. ते तिथे उभं राहील का, कशाचं करायचं, कुठे रोवायचं, कोणत्या परवानग्या लागतील, तिथवर न्यायचं कसं आणि नंतर सांभाळायचं कोणी. या सगळ्याची तपासणी करून अहवाल देणाऱ्या सल्लागार संस्था असतात. बंदरं, जेट्टी, धूपप्रतिबंधक बंधारे ही त्यांची रोजची कामं. शिल्प हे अधूनमधून येणारं गिऱ्हाईक. आमच्या समितीने अशाच एका संस्थेला काम दिलं. नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्यांची एक इंजिनियर अजूनही फोन करून मला ब्राँझबद्दल विचारत असते. तो संबंध मला टिकवायचा आहे.

मी शिल्पकार. ओतकामात आयुष्य गेलं. शिल्प असं आहे: ब्राँझची तीन माणसं, प्रत्येकी साडेतीन मीटर उंच, मागे रेलून दोर ओढताहेत. दोर खडकावरून खाली उतरतो आणि पाण्यात नाहीसा होतो. पलीकडे काय बांधलंय ते दिसत नाही. समितीला माणसं आवडली होती. मला विचाराल तर शिल्प म्हणजे तो दोरच. अहवालवाल्यांच्या हे पहिल्याच बैठकीत लक्षात आलं, त्याचे गुण आत्ताच देऊन टाकतो. नकाशा उलगडून दोन मिनिटं झाली नसतील, तोच त्या इंजिनियर मॅडम म्हणाल्या, "सर, माणसं उभी राहतील हो. या दोराचं काय करायचं, बोला."

स्थळभेटीसाठी त्यांनी अमावास्येच्या उधाणाचा दिवस निवडला आणि पूर्ण ओहोटीची वेळ धरली. समुद्राची वेळ पाळणारी माणसं आहेत, ऑफिसची नव्हे, एवढं त्यातून कळलं. ओहोटी तळाला गेली की खडक सगळा उघडा पडतो आणि मग तो वाचता येतो. मॅडमच्या पायात रबरी बूट, खिशात खडू. पहिला तासभर एकही यंत्र पेटीबाहेर आलं नाही. समुद्राने खडकावर आडव्या पट्ट्या आखून ठेवलेल्याच असतात: खाली शेवाळ, त्यावर बार्नकलची, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या बारीक कवचवाल्या जीवांची, पांढरट खरखरीत पट्टी, त्याच्याही वर फक्त तुषार पोचतात तिथली काळपट पट्टी, आणि मग कोरडा दगड. त्यांनी प्रत्येक पट्टीची कड खडूने ओढली आणि माझ्या दोराचा मार्ग त्यावरून उभा काढला. दोर चारही पट्ट्यांतून जात होता. मग त्या वरच्या सपाटीवर चढल्या आणि खडकाच्या भेगांत बोटं घालून चाचपू लागल्या. एका भेगेतून मुठीएवढा दगड निघाला. एक बाजू गोटीसारखी गुळगुळीत, दुसरी नुकतीच फुटलेली, कड हाताला लागेल अशी धारदार. "हा इथला नाही. लाटेने वर फेकलाय. आणि फार दिवस झालेले नाहीत, फुटलेल्या बाजूवर अजून काही उगवलेलं नाही."

लाटेबरोबर दगड येतात हे कुठल्याही संकल्पचित्रात दिसत नाही. ब्राँझवर वर्षानुवर्षं असे दगड बसत राहिले तर पृष्ठभागावरची हिरवी-तपकिरी झाक राहत नाही, मेणाचा थर तर पहिल्याच वादळात गेलेला असतो. हा एक परिच्छेद अहवालात नसता, तर माझ्या मते उरलेल्या शंभर पानांना अर्थ नव्हता. माणसांचे पाय गुडघ्यापर्यंत जाड ओतायचे, हा निर्णय त्या दगडावरून झाला.

आता त्यांनी केलेली सर्वांत धीराची गोष्ट. समितीने ठरवलेली जागा म्हणजे खडकाच्या सुळक्याचं अगदी टोक. तिन्ही बाजूंनी पाणी, फोटोला झकास. अंतरिम अहवालात त्याबद्दल एकच ओळ होती: या जागेची शिफारस करता येत नाही. बोअर घेतल्यावर वर दीड मीटर कठीण खडक निघाला आणि त्याखाली हाताने चुरा होईल असा झिजलेला थर. वरून ठणठणीत दिसणाऱ्या दगडात अँकर बोल्ट छान बसले असते आणि एखाद्या मोठ्या वादळात बोल्टांसकट दगडच उचकटला असता. पैसे देणाऱ्याला "नाही" म्हणणारा सल्लागार मिळणं सोपं नाही. अध्यक्षसाहेब भडकले. जगात पाण्यात उभी शिल्पं आहेतच की, म्हणाले. आहेत ना. इंग्लंडमध्ये न्यूबिगिन-बाय-द-सी इथे शिल्पकार शॉन हेन्री यांचं २००७ सालचं जोडप्याचं शिल्प समुद्रात उभं आहे. पण ते किनारा वाचवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यावर उभं आहे. लाटांचा मार बंधारा खातो. कन्याकुमारीचा १३३ फुटी तिरुवल्लुवर २००० साली उभा राहिला आणि २००४ च्या त्सुनामीतूनही तरला, पण तो आहे दगडी, आणि त्याखाली भक्कम खडक आहे. उदाहरण द्यायचं तर पायासकट द्यावं.

शेवटी जागा टोकापासून मागे आली. सुरुवातीला मला वाईट वाटलं. नंतर ध्यानात आलं की मागे गेल्यामुळे दोर लांब झाला. माझी काही तक्रार नाही.

लाटांचं प्रकरण हे या अहवालाचं बलस्थान आहे, फक्त ते वाचायला कोणीतरी शेजारी बसायला हवं. त्यात "शंभर वर्षांतून एकदा येणारी लाट" असा शब्दप्रयोग जागोजागी येतो. समितीतल्या बहुतेकांनी त्याचा अर्थ "आपल्या हयातीत नाही" असा घेतला. हिशेब करून बघा: दर वर्षी शक्यता एक टक्का, म्हणजे ५० वर्षांत ती निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. २० वर्षांत १८ टक्के. हे दोन आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवे होते. मला ते बैठकीत फळ्यावर लिहावे लागले.

दुसरा मुद्दा मात्र त्यांनी फार सुरेख मांडलाय. उथळ पाण्यात लाट हवी तेवढी मोठी होऊ शकत नाही. पाण्याच्या खोलीच्या साधारण ०.७८ पट उंची झाली की ती फुटते. आमच्या खडकाच्या कडेला भरतीला दीड मीटर पाणी असतं, म्हणजे तिथे फुटणारी लाट सुमारे १.१७ मीटरची. आता समुद्राची पातळी अर्धा मीटर वर आली असं धरा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालात उत्सर्जन सर्वांत जास्त राहिलं तर २१०० पर्यंत ०.६३ ते १.०१ मीटर वाढ सांगितलेली आहे, तेव्हा अर्धा मीटर ही काही अतिशयोक्ती नाही. खोली दोन मीटर झाली, लाट १.५६ मीटरची झाली. उंचीत फरक तिसऱ्या हिश्श्याचा. पण लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळजवळ पावणेदोन पट. पाणी गुडघ्याएवढं वाढलं म्हणून हसणाऱ्यांसाठी हे गणित आहे. वाऱ्याचंही तेच: वेग २० टक्के वाढला तर दाब ४४ टक्के वाढतो.

साहित्याचं प्रकरण मी लाल पेन घेऊन वाचायला बसलो होतो, कारण तो माझा प्रांत. पेन फारसं चाललं नाही. आयएसओ १२९४४ या मानकात हवेचे गंजण्याच्या दृष्टीने वर्ग पाडलेत. किनाऱ्याची खारी हवा सी५ मध्ये मोडते आणि त्याहून वाईट वर्ग म्हणजे सीएक्स. सीएक्समध्ये उघड्या साध्या पोलादाचा पहिल्याच वर्षात २०० ते ७०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ ते ०.७ मिलिमीटर, थर खाल्ला जातो. आणि सर्वांत वाईट जागा पाण्याखाली नसते, लाटांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्यात असते: सतत ओलं-सुकं, वर भरपूर प्राणवायू, प्रत्येक वेळी मिठाचा नवा थर. म्हणजे दोराचा मधला भाग.

आत सांगाडा कशाचा, यावर आमची बरीच जुगलबंदी झाली. ब्राँझच्या पोकळ माणसात साध्या पोलादाचा सांगाडा घालून वरून रंग मारायचा, ही अजूनही चालणारी पद्धत. अहवालात तिला सरळ फुली आहे आणि दाखला स्वातंत्र्यदेवीचा. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याची तांब्याची कातडी २.४ मिलिमीटरची, आतल्या पट्ट्या लोखंडाच्या, आणि दोन्ही भिडू नयेत म्हणून मध्ये शेलॅकमध्ये भिजवलेलं ॲस्बेस्टॉसचं कापड. कापड झिजलं, तांबं आणि लोखंड एकमेकांना लागले, खाऱ्या ओलाव्यात विद्युतघट तयार झाला आणि लोखंड खाल्लं गेलं. गंजलेलं लोखंड फुगतं; त्या फुगवट्याने रिव्हेट उपटून निघाले. १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्या पट्ट्या ३१६एल स्टेनलेसच्या केल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातलं. आमच्यासाठी सांगाडा ड्युप्लेक्स २२०५ या जास्त गंजरोधक स्टेनलेसचा सुचवला. मी नेहमीच्या ३१६ स्टेनलेसवर अडून होतो, कारण ते मिळायला आणि वेल्ड करायला सोपं. त्यांचं म्हणणं, ३१६ मधलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या हवेत निभावून नेतं, पण वॉशरखालच्या फटीत, जिथे प्राणवायू पोचत नाही आणि मीठ साचतं, तिथे त्याला भोकं पडू लागतात. फटी तर सांगाडाभर असणार. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्युप्लेक्स ठरलं. बोल्टांना नायलॉनच्या बाही, प्लेटखाली इन्सुलेशन, आणि प्रत्येक माणसाच्या तळपायात पाणी निथळायला भोक. हे तळपायातलं भोक मी तीस वर्षं पाडत आलोय. छापील अहवालात पहिल्यांदा बघितलं आणि बरं वाटलं.

एका सदस्याने कॉर्टेनचा, म्हणजे स्वतःच्याच गंजाचं कवच धरणाऱ्या पोलादाचा, आग्रह धरला. स्पेनमधल्या सान सेबास्तियानला शिल्पकार चिलिडा यांचे लोखंडी पंजे ऐन लाटांच्या तोंडावर १९७०च्या दशकापासून आहेत, मग आपल्याला काय अडचण? प्रश्न रास्त होता आणि उत्तरही नेटकं मिळालं. कॉर्टेनवर तयार होणारा गंजाचा संरक्षक थर समुद्राच्या मिठामुळे स्थिरावतच नाही, तो सुटत राहतो. चिलिडांचे तुकडे टिकलेत ते त्यांच्या जाडीमुळे: भरीव, एकेक सुमारे दहा टनांचा. तिथे गंज पिढ्यान्‌पिढ्या खात बसला तरी पुरून उरेल एवढं लोखंड आहे. पातळ पत्र्याचं शिल्प करून त्यांचं नाव घेऊ नये.

आता दोर. मूळ आराखड्यात तो एकसंध होता, पिळाचा पोत असलेला, मनगटाच्या दुप्पट जाड. पहिल्या मसुद्यात त्यांनी तो काळपट पट्टीवरच तोडायला सांगितला होता, म्हणजे पाण्यापासून चार हात आधी. मी बैठकीत सांगितलं, की मग माणसं कशाला ठेवता, बाक ठेवा. थोडी शांतता झाली. पण खरी गंमत त्यानंतरच्या फेरीत आली. मॅडमनी विचारलं, "शेवटचा तुकडा मोडणार असं धरूनच चाललो तर?" यातून जे निघालं ते मला स्वतःला सुचलं नसतं. दोर तीन भागांत. वरचे दोन कायमचे. शिंतोड्यांच्या पट्ट्यातून पाण्यात जाणारा तिसरा भाग भरीव ब्राँझचा, पिळाच्या खाचेत लपलेल्या जोडाने बसवलेला, आणि गेला तर बदलायचा. त्याच्या मुळाशी असलेला जोड मुद्दाम कमजोर ठेवायचा, म्हणजे मोठ्या लाटेत तो तुकडा सुटेल पण वरच्या माणसांना खेचून नेणार नाही. त्यासाठी त्या तुकड्याची मूळ प्रत फायबरग्लासमध्ये जपून ठेवायची; सिलिकॉनचा साचा काही वर्षांत कडक होतो, चिरतो, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. शिल्पाचा एक भाग जाणार हे मान्य करून शिल्प वाचवायचं. जेट्टी बांधणाऱ्यांना ही रीत रोजची आहे, आम्हा लोकांना ती शिकवत नाहीत.

दोराला लोक लटकणार, हेही त्यांनीच काढलं. पोरं झोके घेणार, मोठे फोटो काढायला लोंबकळणार. पहिला उपाय नेहमीचाच: रेलिंग. तो मी ऐकूनही घेतला नाही. दुसरा उपाय शहाणा होता: माणसाचा हात पोचतो तेवढ्या टापूत दोर खडकाला टेकवून न्यायचा. लटकायला जागाच नाही, आणि दोर दगडावर घासत गेल्यासारखा दिसतो, जो पूर्वीपेक्षा खरा वाटतो.

पर्यावरणाचं प्रकरण आटोपशीर आहे. ओहोटीच्या डबक्यांमधले जीव, कामाचे महिने, ड्रिलिंगचा चिखल समुद्रात न सोडण्याची व्यवस्था, सगळं जागच्या जागी. रात्रीच्या रोषणाईला त्यांनी नकार दिला, कारण समुद्री कासवांची पिल्लं कृत्रिम उजेडाकडे भरकटतात. समितीला रंग बदलणारे दिवे हवे होते. मी गंभीर चेहऱ्याने अहवालाच्या बाजूने हात वर केला.

वाहतुकीबद्दलही थोडक्यात. तिथे मोठी क्रेन पोचत नाही. बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, आणायची तर लाटा शांत असलेले दिवस आणि भरतीची वेळ, दोन्ही जमून यावं लागतं. चिलिडांच्या वेळी खडकांवरून तात्पुरता पूल टाकून तुकडे पुढे नेले होते. आमच्याकडे रुळांवरची ट्रॉली सुचवली आहे. शिल्प उतरवायचं झालं तर कसं, यावरही दोन पानं आहेत: उचलण्याच्या कड्या खांद्यांच्या आत झाकून ठेवायच्या, काढून टाकायच्या नाहीत. शिल्प बसवण्याआधीच ते काढण्याचा विचार करायला कोणाला आवडत नाही, पण ती दोन पानं मला अहवालातली सर्वांत समंजस वाटली.

इथवर साडेचार तारे होते. खाली कसे आले ते आता.

लोकांबद्दलचं प्रकरण दुसऱ्याच कुठल्या प्रकल्पातून उचलून चिकटवल्यासारखं आहे. एका जागी चक्क "प्रस्तावित जेट्टी" असा उल्लेख राहून गेलाय. सर्वेक्षणात लोकांना संगणकावरचं चित्र दाखवलं, निळं आभाळ, तळ्यासारखा समुद्र, आणि विचारलं: आवडलं, नाही आवडलं, सांगता येत नाही. याला मत घेणं म्हणत नाहीत. त्या खडकावर गळ टाकून बसणारे, पहाटे पोहणारे, तिथून लहान होड्या काढणारे, यांना कोणी गाठलंच नाही. हीच माणसं पुढे अर्ज घेऊन उभी राहतात. इंग्लंडमधल्या क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर शिल्पकार अँटनी गॉर्मली यांची १०० ओतीव लोखंडी माणसं २००५ मध्ये आली. ती तिथेच ठेवायची की नाही यावर लहान होड्यांची सुरक्षा, पक्षी, भरतीत अडकणारे लोक असे मुद्दे निघून २००६ मध्ये परवानगी नाकारली गेली होती. २००७ मध्ये काही पुतळे हलवायच्या अटीवर ती मिळाली. इंग्लंडमधल्याच ऑल्डबरोच्या पुळणीवर मॅगी हॅम्ब्लिंग यांचा चार मीटरचा पोलादी शिंपला २००३ मध्ये बसला. त्यावर रंग फासला गेला, हलवावा म्हणून सह्यांची मोहीम झाली. कोपनहेगनच्या छोट्या जलपरीचं डोकं १९६४ मध्ये कापून नेलं, हात १९८४ मध्ये, १९९८ मध्ये पुन्हा डोकं, आणि २००३ मध्ये तिला स्फोटाने चौथऱ्यावरून उडवलं. समुद्राने तिला यातलं काहीच केलेलं नाही. लाटेचं गणित दशांशापर्यंत करणाऱ्यांनी माणसाला तीन चौकटींत बसवावं, हे मला पटत नाही.

आणि देखभालीचं प्रकरण. पुन्हा लिहायला हवं म्हणालो होतो ते हेच. तक्ता मोठा देखणा आहे. गोड्या पाण्याने धुणं, मेण देणं, निथळण्याची भोकं साफ करणं, बोल्टांचा ताण तपासणं, जोडांमधलं इन्सुलेशन बघणं, वादळानंतरची पाहणी. कामं अचूक आहेत. ब्राँझवर फिकट हिरवी पूड दिसू लागली तर ती नेहमीची झाक नाही, आत मिठातलं क्लोराइड धातू खातंय आणि ताबडतोब उपचार हवा, हेही नमूद आहे. मग शेवटचे दोन रकाने बघितले. कालावधी: आवश्यकतेनुसार. जबाबदारी: संबंधित यंत्रणा.

प्रत्येक ओळीत. वरपासून खालपर्यंत. संबंधित यंत्रणा.

संबंधित यंत्रणेला हात नसतात हो. पाना कोणाच्या पिशवीत असणार, मेणाचा डबा कुठल्या कपाटात, वादळानंतर सकाळी खडकावर कोण चढणार, हे जर अहवाल सांगत नसेल तर साडेतीन मीटरची माणसं कोणाच्या भरवशावर उभी करायची? राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा भरले नव्हते. त्याच्या कारणांवर पुष्कळ बोलून झालंय, मी भर घालत नाही. समुद्राच्या कडेला "आवश्यकतेनुसार" म्हणायला किती अवधी मिळतो, ते त्या दोन तारखांवरून कळतं.

मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की देखभालीची जबाबदारी निश्चित करणं त्यांच्या कार्यकक्षेत येत नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण "दोर मोडला तर वरची माणसं वाचली पाहिजेत" एवढा पुढचा विचार करणाऱ्या लोकांनी, तो तुकडा परत ओतून आणायला कोण जाणार हे मोकळं सोडावं? सुधारित प्रतीत कालावधीचा रकाना भरला गेला: धुणं दर सहा महिन्यांनी, मेण वर्षातून एकदा, बोल्ट पावसाळ्याआधी आणि नंतर. जबाबदारीचा रकाना तसाच आहे. आता तो समितीच्या विषयपत्रिकेवर आहे आणि तिथे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एवढं असूनही सेवा घ्यावी का? किनाऱ्यावर, लाटांच्या टप्प्यात, माणसापेक्षा मोठं काही उभारत असाल तर घ्यावी. बागेतल्या, किनाऱ्यापासून बऱ्याच आत असलेल्या लहान शिल्पासाठी एवढा डोलारा नको. एक अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनियर आणि धातू कळणारा ओतकाम करणारा पुरेसा आहे. आणि घ्यायचीच तर आराखड्यांची स्पर्धा लावण्याच्या आधी घ्या. आमच्याकडे आराखडा आधी ठरला, जागा आधी जाहीर झाली, मग तपासणी. त्यामुळे अहवालातलं प्रत्येक "नाही" कोणाच्या ना कोणाच्या प्रतिष्ठेला लागलं. खडक कसा आहे, लाट किती, क्रेन कुठवर जाते, हे आधी हातात असतं तर मी दोर पहिल्यापासूनच तीन तुकड्यांत काढला असता.

काम देताना करारात एक प्रश्न घालून घ्या: यातलं सर्वांत आधी काय मोडेल, आणि तेव्हा काय करायचं? आमच्या अहवालात हे उत्तर आहे, पण चार प्रकरणांत विखुरलेलं. एका पानावर मागा. लोकांबद्दलचं काम त्यांच्याकडून घेऊच नका. ते किनाऱ्यावरच्या लोकांत वावरणाऱ्या कोणाला तरी वेगळं द्या.

शेवटची सूचना कोरडी आहे पण कामाची. आम्हाला अहवाल फक्त पीडीएफमध्ये मिळाला. बोअरच्या नोंदी, लाटांच्या मॉडेलच्या फाइली, वाऱ्याची मूळ आकडेवारी मागितली तेव्हा ती वेगळी सेवा असल्याचं कळवलं. पुष्कळ पत्रापत्रीनंतर बोअरच्या नोंदी आल्या, बाकीचं यायचं आहे. पाया घालणाऱ्या ठेकेदाराला पीडीएफमधल्या चित्रावरून काम करता येत नाही, आणि पंधरा वर्षांनी कोणी नवा इंजिनियर तपासायला आला तर त्यालाही मूळ आकडेच लागतील. कच्ची माहिती कोणाच्या मालकीची, हे सही करण्याआधी लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता ती हातात पडल्यावरच सोडा.